एकसष्ट हल्ले

आमच्या हॉस्पिटलच्या नेटवर्कमध्ये नऊ वर्षांत एकही चोर शिरला नाही, हे मी विचारणाऱ्याला सांगत असे आणि न विचारणाऱ्याला जास्त सविस्तर सांगत असे. लिफ्टमध्ये सांगत असे, कँटीनच्या रांगेत सांगत असे. एकदा ऑपरेशन थिएटरमधली वायर दुरुस्त करताना टेबलावरच्या पेशंटलाही सांगायला लागलो, तर भुलीचे डॉक्टर म्हणाले, चालू द्या, माझं औषध वाचेल.

माझी खोली तळघरात. खिडकी नाही, एक पंखा, आणि भिंतीला लागून लुकलुकणाऱ्या दिव्यांची कपाटं. त्यातल्या सगळ्यात वरच्या कप्प्यात आमचा राउटर. बाहेरून हॉस्पिटलकडे येणारं जे काही असेल ते त्याच्यासमोरूनच आत जायचं. आणि कुणाला आत घ्यायचं नाही, हे ठरवणारा मी.

इंटरनेटवर प्रत्येक घराला, प्रत्येक ऑफिसला आकड्यांचा एक पत्ता असतो. मी नोकरीला लागलो तेव्हा अशा पत्त्यांचे मोठमोठे पट्टे कुणालाच दिलेले नव्हते. तिथून कुणी दार वाजवलं, तर तो खोटा पत्ता सांगणारा भामटाच असणार! म्हणून त्या सगळ्या रिकाम्या पट्ट्यांची तयार यादी मी मिळवली आणि राउटरमध्ये घातली: यांना प्रवेश बंद. हे पट्टे पुढे वाटले जातील, तेव्हा यादी दर महिन्याला ताजी करावी, असं तिच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. पण यादीची पहिली ओळ कोण वाचतं? सगळे थेट आकड्यांवर येतात.

दर महिन्याला मी मोठ्या साहेबांना अहवाल द्यायचो. त्यात एक रकाना होता, ‘परतवलेले हल्ले’. वर्षानुवर्षं तिथे दोनशे-तीनशे असा काहीतरी आकडा असायचा. या वर्षी तो एकदम चार हजारांवर गेला. साहेबांनी तो मीटिंगमध्ये पडद्यावर मोठा करून दाखवला, टाळ्या वाजवल्या आणि मला एक प्रमाणपत्र दिलं. मी ते तळघरात पंख्यासमोर लावलं. ते सारखं फडफडायचं.

त्याच सुमारास एका नव्या इंटरनेट कंपनीतल्या कुणा इंजिनिअरबाईंचे मेल यायला लागले. आमच्या ग्राहकांना तुमची वेबसाइट उघडत नाही, तुमच्या राउटरमधली यादी जुनी झालेली दिसते, कृपया आमच्यासाठी वाट मोकळी करा. मी म्हटलं, काय धाडस आहे! चोर आता पत्र लिहून कुलूप काढायला सांगतात! चौथ्या मेलनंतर मी त्या बाईंचा पत्ताही बंद करून टाकला. पुढच्या अहवालात तेवढा एक हल्ला जास्त धरला.

आता ताईबद्दल सांगतो. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. छापखान्यात प्रूफं तपासण्यात तिची पस्तीस वर्षं गेली. हॉटेलच्या मेनूकार्डातसुद्धा ती पेनानं दुरुस्त्या करते आणि मगच काय हवं ते सांगते. भावोजी चष्म्याच्या काचा घासायचे. त्यांची किडनी गेल्याला तीन वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आमच्याच हॉस्पिटलात. मशिनं बारा, पेशंट त्याहून कितीतरी जास्त. म्हणून रविवारी सकाळी सातला वेबसाइटवर पुढच्या आठवड्याचे स्लॉट उघडायचे आणि अर्ध्या तासात संपायचे. ज्याला मिळाला नाही, त्यानं रोज पहाटे येऊन डायलिसिस विभागाच्या खिडकीशी उभं राहायचं. कुणी आलं नाही, तर त्याची जागा मिळायची.

जुन्या घरातून ताई सात वाजून दोन मिनिटांनी बुकिंग उरकून चहा ठेवायची. मग त्यांची इमारत पाडायला काढली आणि ती दोघं शहराच्या टोकाला नव्या वसाहतीत राहायला गेली. तिथे घरात मोबाइलची रेंज नाही. म्हणून त्यांनी दारावर आलेल्या नव्या कंपनीचं केबलचं इंटरनेट आणि त्याच्यासोबत मिळणारा घरचा फोन घेतला.

पहिल्या रविवारी ताईचा फोन आला, तुमची वेबसाइट उघडत नाही. मी इथे उघडून बघितली, उघडली. तिला म्हटलं, पत्ता नीट टाईप कर. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईला मी नीट टाईप करायला सांगत होतो, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मी पुढे चालूच ठेवलं. मशीन बंद करून चालू कर, वायर काढून लाव, पासवर्ड बदल. तिनं सगळं केलं. तोपर्यंत स्लॉट संपले.

मधल्या आठवड्यात ती मोबाइल घेऊन माझ्या तळघरात आली. इथे हॉस्पिटलच्या वायफायवर वेबसाइट पहिल्या फटक्यात उघडली. मी विजयी मुद्रेनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो की फोनला काही झालेलं नाही, नव्या घरात तू गोंधळून जातेस. शिवाय मोठ्या अक्षरांत दहा सूचनांचा एक कागद तिला छापून दिला. तिनं तो वाचला, सातव्या सूचनेतली चुकलेली एक वेलांटी दुरुस्त केली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

दुसरा रविवारही तसाच गेला. ती पहाटेच्या पहिल्या बसनं येऊन खिडकीशी उभी राहायला लागली. कधी जागा मिळायची, कधी नाही. मी वर जाता-येता तिला बघायचो, हात करायचो. तिचा हट्टीपणा आहे, असं मला वाटायचं. घरबसल्या होणारं काम ही बाई उभं राहून करते!

तिसऱ्या आठवड्यात तीनपैकी एकच डायलिसिस झालं. शुक्रवारी दुपारी भावोजींना इमर्जन्सीत आणलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. मी वर धावलो तेव्हा ते पलंगावर ताठ बसले होते, आडवं होता येत नव्हतं. तोंडावर मास्क, ओठ निळसर. मला बघून त्यांनी मास्क जरा बाजूला केला.

“तुझी वेबसाइट बरी आहे ना?” एवढं बोलायला त्यांना तीन श्वास लागले. नर्सबाईंनी मास्क परत बसवला आणि मला बाहेर काढलं.

ताईनं माझ्या हातात घराची किल्ली ठेवली. फाईल आण आणि यांच्या सपाता आण, एवढंच म्हणाली.

त्यांच्या घरात अजून अर्धी खोकी उघडलेली नव्हती. फाईल कॉम्प्युटरच्या टेबलावर होती आणि शेजारी माझा दहा सूचनांचा कागद, प्रत्येक सूचनेपुढे बरोबरची खूण. सहज म्हणून मी तिथे बसलो आणि वेबसाइटचा पत्ता टाकला. उघडली नाही. नीट टाकला. नाही. मशीन बंद करून चालू केलं. वायर काढून लावली. माझ्या दहाच्या दहा सूचना मी क्रमानं पाळल्या. त्या पाळताना माणसाला किती मूर्ख वाटतं, हे कळलं. मग या घराला कंपनीनं कोणता पत्ता दिलाय ते बघितलं. सुरुवातीचे आकडे ओळखीचे वाटले. एखाद्याचा चेहरा ओळखीचा वाटावा आणि मग आठवावं की आपण त्याला कुठे बघितलंय, तसं झालं. ते माझ्या यादीतले होते.

तो पट्टा आता रिकामा राहिला नव्हता. कधीतरी तो वाटला गेला होता. या कंपनीला मिळाला होता, या वसाहतीला मिळाला होता. तिथे माणसं राहायला आली होती, त्यांनी पडदे लावले होते. माझ्या राउटरच्या लेखी तिथे अजून कुणीच राहत नव्हतं.

टेबलावर एक वहीही होती. ताईच्या अक्षरात. रविवार, सात वाजता, उघडत नाही. सात दोन, नाही. सात तीन, नाही. खाली एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘७.११. धाकट्याला फोन. नीट बघ म्हणाला. नीट बघितले. नाही.’

फाईल आणि सपाता ताईला देऊन मी वही घेऊन तळघरात गेलो. राउटरनं अडवलेल्यांची नोंद वेळेसकट ठेवलेली असते. ती काढली आणि वही शेजारी ठेवली. सात. सात दोन. सात तीन. माझे आजचे प्रयत्न सोडले, तर तीन आठवड्यांत एकसष्ट वेळा. ताईच्या वहीत एक नोंद कमी नाही, माझ्या यंत्रात एक जास्त नाही. माझ्याकडच्या रकान्याचं नाव तेवढं वेगळं होतं.

बाकीचे हजारो मी नुसते वरून खालपर्यंत बघितले. निम्म्याहून जास्त रविवारचे होते, सात ते साडेसातमधले. हल्लेखोर वेळेचे फार पक्के होते.

यादी काढून टाकायला चार मिनिटं लागली. मग इंजिनिअरबाईंना फोन केला. त्या चिडतील अशी माझी अपेक्षा होती, पण त्या नुसत्या दमलेल्या वाटल्या. अजून बऱ्याच ऑफिसांशी त्यांचं हेच चाललं होतं. हॉस्पिटल मात्र तुमचं एकच होतं, म्हणाल्या.

साहेबांना सांगायला गेलो तेव्हा त्यांना आधी कळलंच नाही.

“मग ते हल्ले नव्हते?”

“नाही, साहेब.”

“मग काय होतं?”

“पेशंट.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून बसले. मला नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं त्या दिवसांत वाटायचं.

तिसऱ्या दिवशी भावोजींना वॉर्डात हलवलं. ते आडवे झोपू शकत होते. मी ताईसमोर उभा राहून सगळं सांगितलं, तिची वही परत दिली. तिनं ती शांतपणे उघडून आहे तशी आहे ना ते बघितलं. मग विचारलं, “आमच्या वसाहतीतले बाकीचे?”

डायलिसिसच्या मुख्य नर्सबाईंकडून मी त्या वसाहतीतल्या पेशंटचे नंबर घेतले. अकरा घरं होती. प्रत्येकाला स्वतः फोन करायचा, चूक माझी होती हे सांगायचं आणि आता वेबसाइट उघडते हे सांगायचं, असं ठरवलं. पहिल्या चौघांनी शिव्या दिल्या, म्हणजे तेवढं सोपं गेलं. पाचव्या आजोबांनी मलाच धीर दिला, ते फार जड गेलं.

सातवा फोन एका बाईंनी उचलला. मी नेहमीचं सगळं म्हणून दाखवलं. माझं संपल्यावर म्हणाल्या की हे गेले, बावीस तारखेला.

मी काय म्हणालो ते आठवत नाही. काहीतरी म्हणालो असेन. कशानं गेले ते विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

“तुम्ही त्या कॉम्प्युटरचेच ना?” त्यांनी विचारलं. “एक काम होतं. दर रविवारी सकाळी मेसेज येतो, तुमचा स्लॉट बुक करा म्हणून. तेवढा बंद करता येईल का?”

करतो म्हणालो. बंद करणं मला चांगलं जमतं. दोन मिनिटांत झालं.