घर सोडण्याची रंगीत तालीम

भूकंप झाला तेव्हा शांताराम तीन मजले धावत उतरला आणि खाली पोचल्यावर त्याने हातात काय आहे ते बघितलं, तर टीव्हीचा रिमोट. लेकीच्या, संपदाच्या, एका पायात तिचा बूट होता आणि दुसऱ्यात बाबांची चप्पल. बायकोने, उल्काने, मात्र दुधाचं पातेलं आणलं होतं, वर झाकणासकट. जानेवारीतल्या पहाटेच्या धुक्यात फरीदाबादची ती अख्खी सरकारी कॉलनी कुडकुडत मैदानात उभी होती. जमीन हलली ती जेमतेम पाच-सहा सेकंद, कुणाच्या भिंतीचा पोपडासुद्धा पडला नाही. पण वर आल्यावर उल्काने दूध गॅसवर ठेवलं आणि जाहीर केलं, "हे असं चालायचं नाही. बिल्डिंग पडली असती तर काय खाली बसून रिमोट दाबणार होतात?"

दुसऱ्याच दिवशी संपदाने शाळेतून एक छापील यादी आणली. प्रत्येक घरात आपत्कालीन बॅग कशी तयार असावी, त्याची. शांतारामने चष्मा चढवून ती वाचली. टॉर्च, रेडिओ, दोरी, औषधांची पेटी, रजया, तीन दिवसांचं पाणी, तीन दिवसांचं कोरडं खाणं आणि असंच बरंच काही.

"हे सगळं विकत आणलं ना," तो म्हणाला, "तर भूकंपाची वाट बघायलाच नको. या महिन्याच्या वीस तारखेलाच आपत्ती येईल."

"विकत कोण आणतंय? एक पैसा खर्च करायचा नाही. आहे ते गोळा करायचं."

आणि उल्का कामाला लागली. एकदा ती कामाला लागली की घरातल्या माणसांनी फक्त वाटेतून बाजूला व्हायचं असतं. महाबळेश्वरला लग्नानंतर नेलेली, एक चाक गेलेली सुटकेस माळ्यावरून खाली आली. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या घासूनपुसून पाण्याने भरल्या गेल्या. कोरडं खाणं म्हणून तिने नाचणीची बिस्किटं केली, कारण चिवडा ठेवला तर तो शांतारामच्या हातून भूकंपाआधीच संपणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. रजया घरात मोजून तीन. त्या सकाळी बॅगेत भरायच्या आणि रात्री झोपताना काढायच्या असं ठरलं.

"मग रात्री भूकंप झाला तर?" शांतारामने विचारलं.

"रात्री अंगावरच असतील ना!"

अडलं ते एवढ्यावरच, की टॉर्च, दोरी, मोठा पाण्याचा कॅन या वस्तू त्यांच्या मालकीच्या होत्या, पण घरात नव्हत्या. अकरा वर्षांत एकेक करून शेजारी गेल्या होत्या आणि तिथेच रुळल्या होत्या. मागायला जायचं म्हणजे वाईट दिसतं, असं उल्काचं मत. ती सगळ्या जगाशी भांडेल, पण दिलेली वस्तू परत मागताना तिची जीभ टाळूला चिकटायची.

उल्काच्या यादीत भूकंप होता, आग होती, पूरसुद्धा होता. शांतारामला ज्या आपत्तीची धास्ती होती ती मात्र तिथे नव्हती. त्याच्या दिल्लीच्या ऑफिसातून एक क्लार्क गुवाहाटीला पाठवायचा होता, आणि दिल्लीत सर्वांत जास्त वर्षं ठाण मांडून बसलेल्यांच्या यादीत पहिलं नाव त्याचं होतं. संपदाची बारावीची बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती. क्लास परवडत नाही म्हणून तिचं गणित रोज संध्याकाळी तोच घ्यायचा. बदली झाली तर गणित बुडणार, आज ना उद्या क्वार्टर सोडावं लागणार, आणि डिस्पॅच क्लार्कच्या एका पगारात दोन गावांत दोन चुली कशा पेटायच्या? "मार्चपर्यंत थांबवा" असा अर्ज त्याने दिला होता. त्याला उत्तर आलं नव्हतं. तेव्हापासून तो ऑफिसात शक्यतो कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने वावरत होता.

"रविवारी रंगीत तालीम करायची," उल्का म्हणाली.

"रंगीत तालीम म्हणजे?" संपदाने विचारलं. दिल्लीकडे वाढलेली पोर, तिचं निम्मं मराठी मेट्रोत कुठेतरी पडून गेलं होतं.

"प्रॅक्टिस गं. सामान घेऊन खाली पळायचं. किती वेळ लागतो ते बघायचं."

"आई, यार, लोक काय म्हणतील?"

"सकाळी सहाला करू. कुत्रंसुद्धा नसतं."

रविवारी सकाळी सहाला कुत्री होती. त्यांना फिरवणारी माणसं होती, दुधाच्या बूथसमोर रांग होती, आणि रांगेत सर्वांत पुढे धीरज त्यागी होता. धीरज शांतारामच्याच ऑफिसात क्लार्क होता, त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचा. दोन वर्षांपूर्वी लग्न झालेला, हसरा, मनाने वाईट नाही. पण त्याच्या भिंतींना इतकी ओल होती, की बायकोने, लताने, लग्नाचे फोटो टांगायचं सोडून दिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शांतारामच्या कोरड्या खणखणीत क्वार्टरकडे तो जाता-येता मान वर करून बघायचा.

तर या धीरजला धुक्यातून काय दिसलं? डोक्यावर वळकटी घेतलेली उल्का, बाटल्यांचं पोतं ओढणारी संपदा आणि तीन चाकांची सुटकेस, छातीशी कागदपत्रांची फाइल असं सगळं सांभाळत धापा टाकणारा शांताराम.

"चार मिनिटं दहा सेकंद!" उल्का ओरडली.

"अरे शांताराम जी!" धीरज धावत आला. "ट्रांसफर हो गया?"

"नहीं, नहीं! ये तो बस प्रैक्टिस है."

"किस चीज़ की?"

"घर छोड़ने की," शांताराम प्रामाणिकपणे म्हणाला.

धीरजने डोळे बारीक केले, ओठांवर बोट ठेवलं. "समझ गया, भाईसाब. ऑर्डर हाथ में आने तक बोलना नहीं चाहिए. नज़र लगती है."

सरकारी कॉलनीत हीच तर गंमत आहे. बदली झालेला माणूस ऑर्डर येईपर्यंत "छे छे" म्हणतो. त्यामुळे शांताराम जितक्या जोरात "छे छे" म्हणाला तितकी बातमी पक्की होत गेली. फाइल छातीशी धरली होती, यापलीकडे पुरावा कशाला हवा?

दुपारी बेल वाजली. दारात लता, हातात टॉर्च. "भाभी जी, ये आपकी थी. जाते-जाते रह जाती तो बुरा लगता." तासाभराने दुसऱ्या मजल्यावरून दोरी आली. मग कॅन. मग कुणीतरी गरम पाण्याची रबरी पिशवी आणून दिली, जी आपली होती हे उल्का पार विसरली होती. संध्याकाळपर्यंत सुटकेस अशी भरली, की बंद करायला संपदाला वर बसावं लागलं.

शांताराम भाजी घेऊन आला तो हादरलाच. "अगं, तू त्यांना सांगितलं नाहीस का, बदली नाही म्हणून?"

"सांगितलं की. प्रत्येकाला सांगितलं."

"मग?"

"वस्तू हातात घेतल्यावर सांगितलं," उल्का नजर चुकवत म्हणाली. "आधी कसं सांगणार?"

सोमवारी लता शिवणाची टेप घेऊन आली आणि खिडक्या मोजून गेली. पडद्यांचे रॉड काढू नका, तेवढे आमच्यासाठी राहू द्या, असंही सांगून गेली. मंगळवारी समोरच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी जानेवारीच्या थंडीत कूलर चालू करून बघितला आणि "मैं ही लूँगा" म्हणत शिंकत शिंकत गेले. संपदा गणिताच्या वहीवर डोकं टेकून बसली. "बाबा, खरं सांगा. आपण जातोय? मला इंटिग्रेशन अजून येत नाही हो."

"कुठंही जात नाही आपण. चल, वही उघड," तो म्हणाला खरा, पण त्या संध्याकाळी त्याचीच दोन गणितं चुकली.

बुधवारी ऑफिसात पोचला तर धीरज प्रत्येक टेबलावर वर्गणी गोळा करत होता. गुरुवारी चार वाजता निरोपसमारंभ. समोसे, हार, आणि "शांताराम जी के लिए दो शब्द". ही बातमी बदल्यांच्या ऑर्डरी काढणाऱ्या सुहासिनी मॅडमच्या कानावर गेली म्हणजे? त्यांना वाटणार, गडी आपणहून सामान बांधून बसलाय, चला, पाठवा गुवाहाटीला! आणि खरं सांगायला त्यांच्या केबिनमध्ये जावं, तर यादीतलं पहिलं नाव आपल्या पायांनी चालत त्यांच्यासमोर उभं राहणार. गप्प बसावं तरी पंचाईत, बोलावं तरी पंचाईत. अख्खी रात्र त्याने कूस बदलत काढली आणि गुरुवारी दुपारी जिवाचा धडा करून केबिनचं दार ढकललं.

सुहासिनी मॅडम मूळच्या साताऱ्याच्या. ऑफिसात चार माणसांत त्या शांतारामशी फक्त हिंदीत बोलायच्या, उगाच कुणी पक्षपात म्हणायला नको. दार लागलं की मराठी.

"अरे, शांताराम! तुम्ही अजून इथेच?"

"मॅडम, माझी बदली झालेली नाही," तो एका दमात म्हणाला. "ती प्रॅक्टिस होती. भूकंपाची. माझी मुलगी बारावीला आहे, मॅडम. तिचं गणित मी घेतो. मार्चपर्यंत मला हलवू नका, तुमच्या पाया पडतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"झालेली नाही? खरंच नाही?"

"नाही हो."

"अहो, मग काल मी काय केलं!" त्यांनी कपाळाला हात लावला. "गुवाहाटीची ऑर्डर टाइप करायला घेतली, पहिलं नाव तुमचं. तेवढ्यात तो त्यागी अर्ज घेऊन आला. 'श्री. शांताराम यांची बदली झाल्याने त्यांचं क्वार्टर मला बदलून मिळावं.' लेखी! खाली सही, तारीख. मी म्हटलं, हेडक्वार्टरनं परस्पर केलेलं दिसतंय, ते मला कधी विचारतात? मग तुमचं नाव गाळलं आणि दुसरं घातलं."

"कुणाचं?" शांतारामने विचारलं, पण त्याला उत्तर समजलं होतं.

"अर्जदाराचंच," मॅडम म्हणाल्या. "अर्ज समोरच होता ना."

शांतारामच्या अंगातून आधी सुटकेची एक लाट गेली, आणि लगेच त्याला वाईटही वाटलं. "पण मॅडम, तो बिचारा..."

"बिचारा कसला? शाळेत जाणारं मूल नाही, वय लहान. दोन वर्षं बाहेर काढायची त्याची पाळी होतीच, आज नाहीतर सहा महिन्यांनी. आणि ऑर्डर सही होऊन बसली आहे. आता बदलायची तर मला लिहावं लागेल की मी दुधाच्या रांगेतल्या बातमीवर नाव गाळलं. तुम्ही सांगणार आहात का कुणाला?"

"नाही, मॅडम."

"मग हे घ्या." त्यांनी एक पाकीट पुढे केलं. "डिस्पॅचला तुमच्याकडेच येणार होतं. आणि समोसे खाऊन घ्या, गार होतील."

चार वाजता शांतारामच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. धीरजने भाषण फार मनापासून केलं. शांताराम जी जैसा तैयार आदमी नहीं देखा, ऑर्डर से पहले सामान बाँध लिया, हम सबको सीखना चाहिए, वगैरे. टाळ्या पडल्या. शांतारामने काखेतली डाकवही उघडून त्याच्यासमोर धरली. "यहाँ साइन कर दो, धीरज."

धीरजने एका हातात समोसा धरून दुसऱ्या हाताने न बघता सही ठोकली आणि पाकीट फोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"भाईसाब, ये तो मेरा है."

"हाँ."

"और आपका?"

"मेरा था ही नहीं. इतवार से बोल रहा हूँ मैं."

धीरज खुर्चीत बसला. शांतारामने आपल्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पैकिंग मैं करवा दूँगा. बिल्कुल फिक्र मत करो."

धीरजने उरलेला समोसा सावकाश संपवला. "भाईसाब," तो शेवटी म्हणाला, "वहाँ ऊपर वाली मंज़िल मिल जाएगी?"

"कोशिश तो करो."

"लता खुश हो जाएगी फिर," धीरज म्हणाला, आणि हळूहळू का होईना, त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग समोशांची दुसरी फेरी निघाली, त्याच्याच वर्गणीतून.

शांताराम जिन्यात जाऊन फोन कानाला लावून उभा राहिला. "उल्का, ऐक. बदली नाही. माझी नाही झाली, दुसऱ्याची झाली. मार्चच काय, आता सध्या कुणी हलवत नाही आपल्याला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "खरंच हो?" ती म्हणाली. "तुमचा अर्ज गेल्यापासून माझा घास उतरत नव्हता. तुम्हाला बोलले नाही, तुम्ही आधीच इतके..." आणि ती रडायलाच लागली. शांतारामचेही डोळे भरले. तो म्हणाला, "अगं, रडतेस काय, आता सगळ्या कॉलनीला ओरडून सांग!"

रडणं जागच्या जागी थांबलं.

"हळू बोला," उल्का फोनमध्ये कुजबुजली. "रविवारपर्यंत कुणाला काही सांगू नका. चौथ्या मजल्यावरच्यांकडून आपली इस्त्री अजून यायचीय."