तीन वाजताची सावली

मे महिन्याच्या भर उन्हात, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून, कुणी माणूस झाडाच्या सावलीभोवती चुन्याची रेघ ओढताना दिसला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? वेडा? मीही तेच म्हणालो. फरक एवढाच की मी ते छापून वाटलं.

हे गृहस्थ म्हणजे आमच्या सौंसरच्या नगरपालिकेचे माळी, दौलतराव. आमच्याच मोहल्ल्यात राहतात, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. बस स्टँडसमोरच्या मोकळ्या जागेत यंदा बगीचा करायचं ठरलं, आणि काकांनी पहिलं रोप लावायच्या आधी चुन्याचं घमेलं उचललं. त्या जागेत एक मोठा कडुनिंब आहे. दर तासाला त्याच्या सावलीभोवती एक रेघ. दुपारपर्यंत जमिनीवर अशी नक्षी उमटली की बसमधून उतरलेली माणसं ती ओलांडायला घाबरू लागली. कुणीतरी करणी केली, असा बोभाटा झाला. दुसऱ्या दिवशी तिथं खरोखरच लिंबू आणि कुंकू येऊन पडलं. काकांनी लिंबू धुतलं, शरबत केलं आणि रेघ पुढे ओढली.

आमच्या वस्तीत नळ नाही आणि या बगीच्यात कारंजं होणार. माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं: 'तहानलेल्यांना कारंजं दाखवणारे आणि त्यांचे चुनेवाले चमचे'. चमचे म्हणजे काका; खाली मजकुरात त्यांना वेडाही म्हटलं होतं. पत्रक लिहिणाऱ्यानं लपू नये, म्हणून ते मी स्वतः त्यांच्या हातात दिलं.

काकांनी ते दोनदा वाचलं. मग उलटवून पाहिलं.

"कागद मस्त हाये. मागून कोरा हाये न?"

आणि मागच्या बाजूला ते बगीच्याचा नकाशा काढू लागले.

"आणि मजकूर?" मी चिडून विचारलं.

"तो बी चांगला हाये. नळ तं पाह्यजेच. पण तू त्या जागी कधी बसला का रे, बाबू?"

"नाही."

"मंग पहिले बसून पाह्य. लिवाले हात कधीबी चालते."

'पहिले बसून पाह्य' हे काकांचं कुठल्याही प्रश्नाला उत्तर. इंजिनिअर साहेबांनी कारंज्याभोवती सिमेंटचे बाक आखले आणि नमुन्याचा एक बांधूनही घेतला, तेव्हा काकांनी त्यांनाही तेच सांगितलं. दुपारचे दोन वाजले होते. साहेब बसले आणि त्याच क्षणी उठले.

"साहेब, तुमी तं पँटात हा," काका म्हणाले. "बायांचं लुगडं पातळ राह्यते."

नकाशातले बाक तिथेच राहिले. साहेब मात्र काकांवर खार खाऊन आहेत.

मीही तीन दिवस दुपारी जाऊन बसलो. कारंज्याबद्दलचं माझं मत बदललं नाही. पण जे दिसलं ते माझ्या पत्रकात नव्हतं. शेतावरून आलेल्या, बाजार करून निघालेल्या बाया सगळ्या त्या कडुनिंबाखाली बसची वाट पाहत होत्या. सावली सरकेल तशा सरकत होत्या. तीन वाजताची सावली रस्त्याच्या कडेला पडते. बरोबर तिथे, चुन्याच्या रेघेच्या आत, काकांनी जुनी फरशी दोन दगडांवर ठेवून एक बाक केला होता. साहेबांच्या नकाशात तो नाही.

आता भांडण या बाकाचं आहे. कुंपण कडुनिंबाच्या बाहेरून जाणार, आणि बगीचा उघडणार संध्याकाळी पाच ते आठ. म्हणजे ऊन असेल तोवर सावली कुलपात. काकांनी दोन अर्ज दिले. दुसऱ्या वेळी साहेबांनी दम भरला, "एका फरशीपायी नोकरी घालवता का?"

"फरशी तुमी घेऊन जा, साहेब. सावली बाहेर राहू द्या."

इतका हट्ट का, ते मला बाजाराच्या दिवशी कळलं. तीनच्या सुमारास एक तरुण बाई कडेवर मूल आणि हातात थैली घेऊन आली, बाकावर टेकली. काका माझ्याशी बोलत होते. तिला पाहताच त्यांनी झारी उचलली, दूरच्या कोपऱ्यात गेले आणि सकाळीच भिजवलेल्या मेंदीला पुन्हा पाणी घालू लागले. बस येईपर्यंत त्यांची पाठ तिच्याकडे होती.

बस गेल्यावर मी विचारलं, "कोण होती?"

"शोभा. माही पोरगी."

चार वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं बोरगावात लग्न केलं. काका रागात म्हणाले, या घराची पायरी चढू नको. पोरगी बापाचीच, तिनं शब्द धरून ठेवला. दर बाजाराला येते, घर पाच मिनिटांवर, तरी स्टँडवरूनच परत जाते. गेल्या उन्हाळ्यात ती स्टँडच्या भिंतीला चिकटून, मुलाच्या डोक्यावर पदर धरून उभी होती. ते काकांनी पाहिलं.

"मग जाऊन बोला ना तिच्याशी!" मी म्हणालो. पत्रकात असतं तसं सोपं वाटलं मला.

"शब्द माहाच होता न, बाबू. थो वापस कसा घ्याचा, थेच शिकून राहिलो." झारी रिकामी झाली होती, तरी ते ती धरून होते. "तवर बसते तं सही. पोराच्या डोक्यावर ऊन नाही येत."

हे लिहू का, असं मी त्यांना विचारलं.

"लिव्ह. माहं नाव बदल. तिचं बी बदल. झाडाचं नोको बदलू."

दोघांची नावं बदलली आहेत.

कुंपणावर हरकती घेण्याची मुदत या महिन्याअखेरपर्यंत आहे. तुम्ही सौंसरचे असा, बोरगावचे असा की पांढुर्ण्याहून येणारे, कधीतरी त्या स्टँडवर उतरला असालच. आजच एक पोस्टकार्ड घ्या आणि नगरपालिकेला लिहा, की कुंपण मागे घ्या, कडुनिंब आणि त्याखालचा बाक बाहेर राहू द्या. कारण म्हणून दुपारी ऊन फार असतं, एवढंच लिहा. त्यापुढचं लिहू नका.