पंचवीस कोणी सांगतलं?

हेडाऊ सरांना "कसे आहात?" असं विचारलं की ते शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढत, डोळ्यांजवळ धरत आणि म्हणत, "एकेचाळीस." हे उत्तर त्यांच्या तब्येतीचं नसे, खोलीचं असे. "बरा आहे" असं त्यांनी आयुष्यात कोणाला सांगितलं नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितलं तर त्याला सोडलं नाही. "बरं म्हणजे किती?" असं ते अगदी मनापासून विचारत. समोरचा माणूस पुढच्या वेळी गल्ली बदलून जाई.

मी त्यांच्याकडे गेले ती केमिकल इंजिनिअरिंगची ताजी पदवी घेऊन, सिम्युलेशन शिकायला. सिम्युलेशन म्हणजे पडद्यावर कारखाना उभारायचा. टाक्या, पंप, नळ्या चित्रासारख्या जोडायच्या, कशात काय वाहतंय, किती गरम आहे ते चौकटींमध्ये भरायचं. मग सॉफ्टवेअर हिशेब करून सांगतं, हे चालेल की नाही. चुकलं तर लाल, जमलं तर हिरवं. नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत "हे येतं का?" असं विचारत. आमच्या कॉलेजात ते सॉफ्टवेअर होतं म्हणे, पण त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग कोणीतरी हेडाऊ सरांचं नाव सुचवलं. कारखान्यातून निवृत्त झालेले, नागपूरच्या नंदनवन वस्तीत घराच्या पुढच्या खोलीत तीन संगणक मांडून शिकवतात. मे महिन्यात हुडकेश्वरहून स्कूटी हाणत मी त्यांच्या दारात पोहोचले, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे तेवढे उघडे. सरांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, थर्मामीटरकडे पाहिलं.

"चव्वेचाळीस. ये."

पहिल्याच आठवड्यात मी गरम तेल पाण्यानं थंड करायचं एक यंत्र पडद्यावर जोडलं. पाण्याच्या चौकटीत पंचवीस अंश टाकले, कारण पुस्तकातल्या सगळ्या उदाहरणांत पंचवीसच असतात. एंटर दाबलं आणि सगळं हिरवं झालं. मी आईला पाठवायला फोटो काढत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हे पंचवीस कोणी सांगतलं वं तुले?"

"पुस्तकात आहे, सर."

"पुस्तक नागपुरात राहते का? मे महिना पाहिला का त्यानं?" त्यांनी थर्मामीटर माझ्या हातात ठेवला. "जा, गच्चीवरच्या टाकीले विचारून ये."

भर दुपारी मी लोखंडी शिडीचे चटके खात वर चढले. टाकीतलं पाणी त्रेचाळीस निघालं. खाली येऊन तो आकडा टाकला, तर माझा हिरवागार कारखाना लालभडक. मी रडायच्या बेतात होते आणि सरांचा चेहरा मात्र खुलला होता. "आता कसा आपल्या गावचा वाटून राहिला!" ते म्हणाले. हेडाऊ काकूंनी आतून पन्ह्याचा ग्लास आणून माझ्या हातात दिला आणि सरांकडे असं बघितलं की मी काही बोलायची गरजच उरली नाही.

"विचारून ये" हा त्यांचा मंत्र होता. आकडा माहीत नसला तर अंदाजानं टाकायचा नाही, ज्याला माहीत आहे त्याला जाऊन विचारायचं. त्यांचे वडील उमरेडचे विणकर. लुगड्याला सूत किती लागेल हे ते मोजल्याशिवाय कधी बोलत नसत, असं सर अभिमानानं सांगत. पण वडिलांनी ती शिस्त मागापुरती ठेवली असावी. सरांनी ती जगाला लावली. सीताबर्डीला पोह्याच्या ठेल्यावर त्यांनी एकदा कढईतल्या तेलाचं तापमान विचारलं. ठेलेवाला म्हणाला, "गरम आहे साहेब, बोट घालून पाहा ना." सरांनी त्याचे आभार मानले आणि बोटाऐवजी थर्मामीटर पुढे केला. त्या दिवशी आम्हाला पोहे मिळाले नाहीत. काकू तर सांगत की स्वतःच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, यांनी भटजींना विचारलं होतं, "हा मुहूर्त कसा काढला?"

एंटर दाबायची त्यांची पद्धतही बघण्यासारखी होती. एका बोटानं बटण दाबायचं आणि लगेच खुर्ची मागे सरकवायची, सुतळी बॉम्बची वात पेटवल्यासारखी. मग लांबूनच लाल झालं का हिरवं ते बघायचं. मी हसायची. आज बुटीबोरीच्या कारखान्यात बसून तेच काम करते, तेव्हा कधीकधी माझीही खुर्ची आपोआप मागे सरकते, आणि मग त्या खोलीची फार आठवण येते. कूलरच्या वाळ्याचा वास, तीन संगणकांची घरघर आणि मागे उभे असलेले सर.

मला तिथे महिनेच्या महिने गेले, कारण नोकरी लागत नव्हती आणि सर फी घेणं कधीच विसरून गेले होते. थंडी आली. एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात यायला लागली. सकाळी शिकवताना आत स्वयंपाकघरात काकूंचा फोन वाजला की सर वाक्य अर्धवट सोडून गप्प होत. फोन त्यांच्या मुलीचा असे, पल्लवीचा, कॅनडाहून. काकू फोन स्पीकरवर टाकून मोठ्यानं बोलत. त्यांना कमी ऐकू येतं, असं मला आधी वाटलं. नंतर समजलं, काकूंचे कान ठणठणीत होते.

तुरीच्या शेंगा सोलता सोलता काकूंनीच एकदा सगळं सांगितलं. सरांनी पल्लवीसाठी इथेच नोकरी बघून ठेवली होती. ती म्हणाली, मला पुढं शिकायचंय. सर म्हणाले, "जायचं असन तर जाय, मग माह्याशी बोलू नको." पोर बापाचीच, ती गेली, आणि बोलली नाही. ती निघाली त्या दिवशी सर विमानतळावर गेले नाहीत, घरी कूलरच्या जाळ्या धूत बसले. दोन वर्षं झाली. "हे मले विचारते, पल्लवी जेवली का, तिकडं थंडी किती," काकू म्हणाल्या. "मी म्हणलं, मी का तुमची पोस्टमन आहो? स्वतः विचारा."

जानेवारीतल्या एका सकाळी माझा संगणक अडला, म्हणून सरांच्या संगणकावर बसले. सर मागच्या अंगणात पाणी भरत होते. पडद्यावर त्यांचीच एक फाईल उघडी होती. मला आधी वाटलं, नवीन उदाहरण असेल. एक बाण आत येत होता, त्यावर लिहिलेलं "बाहेरची हवा, उणे बावीस". मग एक हीटर. खिडकीच्या फटीतून येणारी थंड हवा वेगळ्या बाणानं दाखवलेली. आणि मधोमध एक चौकोन, त्यावर नाव, "पल्लवीची खोली". स्पीकरवरून कानावर पडलेले आकडे गोळा करून या माणसानं पोरीची खोली पडद्यावर बांधली होती, ती तिथे ऊबेत आहे की नाही ते बघायला. सगळं हिरवं होतं. आणि खोलीच्या तापमानाच्या चौकटीत आकडा होता पंचवीस.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला. इतक्या महिन्यांनी सर सापडले होते! ते हात पुसत आत आले आणि मी खुर्ची वळवून त्यांच्याच आवाजात विचारलं, "सर, हे पंचवीस कोणी सांगतलं?"

सर पडद्याजवळ आले, वाकले, आकडा वाचला.

"कोणीच नाही," ते म्हणाले. "मले वाटते, तेवढं असन. असाले पाहिजे."

त्यांचा चेहरा बघितला आणि माझी मस्करी तिथंच संपली. एवढा मोठा माणूस शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरासारखा उभा होता. आत काकूंचा फोन चालूच होता. पल्लवीचा आवाज येत होता, बर्फ, बस, कसलीशी परीक्षा.

"सर," मी म्हणाले, "विचारून या ना."

"काहून? तिनं तरी विचारलं का मले कधी?"

मी पडद्यावरच्या त्या पंचवीसवर बोट ठेवलं. सरांनी खिशातला थर्मामीटर काढला, उगाच पाहिला, माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि आत गेले.

"तुहे बाबा आले वं," काकूंचा आवाज आला. कुकरची शिटी झाली आणि काकूंनी घाईघाईनं गॅस बंद केला.

"पल्लवी," सर म्हणाले. आवाज मुलाखतीला बसल्यासारखा होता. "तुह्या खोलीत किती राहते?"

पलीकडून बारीक आवाजात, "सतरा, बाबा."

"सतरा? थंडी नाही वाजत?"

"वाजते ना."

मी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. आत काकू नाक पुसत होत्या. मग पल्लवीनंच विचारलं, "आणि तिकडे किती आहे, बाबा?"

सरांचा हात खिशाकडे गेला असणार. थर्मामीटर माझ्यासमोर टेबलावर होता.

"इकडं ना," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "इकडं आता बरं आहे वं."