दिवाणचं दान

पांढुर्ण्याचे कापसाचे व्यापारी पुंडलिकराव सगळं सहन करत, आयकर तेवढा सहन होत नसे. सत्तावन्न साल लागलं आणि एके दिवशी जेवता जेवता त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "केसर, यंदा सरकारले दोनशे रुपये कमी देतो. अन् वरून पुण्य."

"थे कसं?"

"दिवाणले दान करून राहिलो."

दिवाण म्हणजे त्यांचा घोडा. पंधरा वर्षं त्याच्या पाठीवर बसून पुंडलिकराव खेडोपाडी कापूस बघत फिरले. आता मोटार सुरू झाली होती आणि दिवाण नुसता उभ्या उभ्या कडबा खात होता. सौंसरच्या धर्मार्थ दवाखान्याला मात्र घोडा हवाच होता. तिथले वैद्य बोरगाव-मोहगावच्या पायी फेऱ्यांनी टेकीला आले होते. धर्मादाय संस्थेला दान दिलं की करात सूट मिळते, हे पुंडलिकरावांनी मोटारीत एका वकिलाच्या तोंडून ऐकलं, आणि घरी पोचेपर्यंत घोड्याची किंमत आठशे ठरवूनही टाकली. बाजारात दिवाणला दीडशे कोणी दिले नसते. पण दान काही बाजारात होत नाही.

केसरबाई ताटात वरण वाढता वाढता थांबल्या. "पण त्याले त तुमी मारून टाकलं होतं ना?"

हे खरं होतं. त्रेपन्न साली पुंडलिकरावांनी दिवाणला कागदावर साप चाववला होता. धंद्याचं जनावर मेलं की नुकसान वजा मिळतं, म्हणून तीनशे रुपये वजा करून घेतले होते. काम पक्कं केलं होतं. पंचनामा, दोन साक्षीदार, आणि ओळख पटावी म्हणून सगळं वर्णन: रंग तांबडा, कपाळावर पांढरा चांद, उजव्या कानाला चीर, नाव दिवाण.

"थे नागपूरच्या कचेरीत," पुंडलिकराव म्हणाले. "आता राज्य तुटलं. नागपूर गेलं मुंबईकडं, आपण आलो भोपाळकडं. मायी फाईल तिकडं राहिली. दिवाण तिकडं मेला, इकडं जित्ता हाय."

नागपूर सुटलं म्हणून गाव हळहळत होतं. खूश असलेला माणूस गावात एकच होता.

दान सौंसरला झालं, दवाखान्याच्या अंगणात. दवाखान्याचे सचिव श्रीधरपंत चाळीस वर्षं मास्तर होते. समोर दिसेल ते लिहून ठेवायची त्यांना सवय. पूजेला बोलावलेल्या गुरुजींनी संकल्प सांगितला आणि हात पुढे केला. "दक्षिणा ठेवा."

"आठशेचा घोडा देऊन राहिलो, गुरुजी. वरून दक्षिणा कायले?"

"दक्षिणेबिगर दान पुरं होत नाही."

पुंडलिकराव कोटाच्या आतल्या खिशाची गुंडी चाचपत उभे राहिले. शेवटी केसरबाईंनी लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि सव्वा रुपया घोड्याच्या दाव्यापाशी ठेवला. गुरुजींनी तो दवाखान्यालाच देऊन टाकला. श्रीधरपंतांनी पावती लिहिली ती पानभर. पुंडलिकरावांना इतकी ऐसपैस पावती कधी कोणी दिली नव्हती. न वाचताच त्यांनी ती विवरणपत्राला जोडली.

दोन महिन्यांनी छिंदवाड्याच्या आयकर कचेरीतून बोलावणं आलं. साहेब तरुण होते, फार सभ्य. त्यांनी चहा मागवला, तेव्हाच पुंडलिकरावांना जरा भीती वाटली.

"दान छान केलंत," साहेब म्हणाले. "पावतीत वर्णनही दिलंय. तांबडा, कपाळावर चांद, उजव्या कानाला चीर, नाव दिवाण." मग त्यांनी खालचा खण ओढून एक जाड फाईल वर काढली. "इकडच्या गावांच्या फायली नागपूरहून गाठोडी बांधून आल्या. तुमची पहिल्याच गाठोड्यात होती. हा घोडा त्रेपन्न साली वारला ना?"

पुंडलिकरावांनी कप खाली ठेवला. "थो दुसरा होता, साहेब. याचा भाऊ."

"कानाला चीर दोघांच्याही?"

"जुळे होते."

"नावही एकच?"

"मायनं लाडानं ठेवलं होतं."

साहेबांनी मान डोलावली. "ठीक. मग हा आठशेचा भाऊ तुम्ही कधी घेतला? पैसे कुठल्या कमाईतून आले? ती कमाई इथं दिसत नाही."

पुंडलिकरावांनी मनातल्या मनात दोन्ही बाजूंचा हिशेब केला. दोन घोडे सांगितले तर चोरटी कमाई, एक सांगितला तर खोटं मरण. आठशेपेक्षा तीनशे बरे.

"साहेब, घोडा एकच हाय," ते हळूच म्हणाले. "साप चावला होता, पण वाचला. कळवायचं राहून गेलं."

साहेबांनी त्रेपन्नचे तीनशे परत जोडले, वर दंड लावला. पुंडलिकरावांनी कपाळ पुसलं. "अन् दानाची सूट?"

"सूट रोख रकमेला मिळते, पुंडलिकराव. घोडा दिलात, त्याचं पुण्य मिळेल." साहेबांनी पावती पुन्हा वाचली. "हां, रोख आहे की यात. दक्षिणा, सव्वा रुपया. तेवढा धरतो."

घरी केसरबाई दारातच उभ्या होत्या. "किती सुटले?"

दंडाचं सांगायचा पुंडलिकरावांना धीर होईना. "सव्वा रुपया," ते म्हणाले.

"थो त मायावाला होता," केसरबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

पुंडलिकरावांनी कोटाच्या खिशाची गुंडी काढली.