बुटांची काळजी

माणसाला कोणत्याही त्रासाची सवय होते. त्रास दुसऱ्याचा असेल तर फारच लवकर होते. तरीही आम्ही स्वस्थ न बसता 'पर्वतीय भारवाहक सुरक्षा व कल्याण समिती' स्थापन केली. भारवाहक म्हणजे डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांचं सामान वाहणारा हमाल. (पहिल्याच बैठकीत आम्ही त्याचं नाव बदललं. ओझं तेच ठेवलं.)

समितीने नियम केला, की कोणाच्याही पाठीवर वीस किलोंपेक्षा जास्त ओझं नसावं. शिवाय प्रत्येकाला बर्फात चालायचे बूट दिले. आतून लोकर, बाहेरून कातडं. अध्यक्षांनी स्वतः एक जोड घालून कार्यालयाच्या गालिच्यावर दोन फेऱ्या मारल्या. फक्त वस्तू समितीची असल्यामुळे ती हंगाम संपताच चिखल किंवा ओरखडा न लागता परत करावी, नाहीतर पुढच्या हंगामात काम मिळणार नाही, अशी किरकोळ अट घातली. फुकट मिळालेल्या वस्तूची लोकांना किंमत नसते, हे तुम्हीही मान्य कराल.

आमचा सर्वांत जुना भारवाहक म्हणजे नाना. मागच्या हिवाळ्यात थंडीने काळं पडून त्याच्या पायाचं एक बोट गेलं. या वेळी निघताना बायकोने बजावलं होतं, "अहो, नऊ उरलीत. नऊच्या नऊ घरी आणा." हे घरगुती प्रकरण नाना भांडाराच्या खिडकीशी उभा राहून सांगत बसला, त्यामुळे मागची रांग खोळंबली. मग त्याने बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"साहेब, हे घालून चालू ना?"

"घाला की, तुमच्यासाठीच आहेत," भांडारपाल म्हणाला. "फक्त मळवू नका."

न मळता चढता येईल असा डोंगर अजून कोणी बांधलेला नाही. तेव्हा इतरांप्रमाणे नानानेही बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळले, ओझ्यावर बांधले आणि चपला घालून तो निघाला.

पहिल्या चौकीवर वजनकाटा आहे. नानाचं ओझं भरलं बावीस किलो. निरीक्षक नियमाला पक्के. म्हणाले, जिवापेक्षा सामान मोठं नाही, दोन किलो काढा. पाहुण्यांच्या सामानाला हात लावता येत नव्हता आणि समितीच्या मालमत्तेला लावायची कोणाची हिंमत नव्हती. उरलं नानाचं कांबळं. ते काढताच काटा बरोबर विसावर आला. निरीक्षकांनी नानाची पाठ थोपटली. (त्या हंगामात नियमपालन शंभर टक्के झालं. चौकीवर कांबळ्यांचा ढीग छताला टेकला, हा वेगळा विषय.)

पुढे खिंडीत बर्फाने दोन दिवस मुक्काम करायला लावला. नाना घरी आला तेव्हा सात बोटं होती.

समितीने तातडीने चौकशी केली. बूट प्रयोगशाळेत तपासले. एवढ्या कडाक्यातही त्यांना तडा गेला नव्हता. 'आदर्श जतन' पुरस्कार अर्थातच नानाला मिळाला. समारंभात त्याच्या बायकोला दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. बाईने नवऱ्याच्या पायांकडे बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, "यांनाही समितीची वस्तू म्हणून लिहून घ्या."

मागणी विचाराधीन आहे. एकदा वस्तू म्हटली की ती जपावी लागते, आणि तेवढी तरतूद आमच्याकडे नाही.

आता तुम्हाला समितीचा राग आला असेल. साहजिक आहे. पण त्या खेपेला नानाच्या पाठीवर असलेलं तुमचं सामान जरा आठवून बघा: घडीची खुर्ची, दोन उशा आणि लागला तर असावा म्हणून घेतलेला बुटांचा जादा जोड. खिंडीत तुमची नजर नानाच्या चपलांकडे गेली होती. तुम्हाला वाईटही वाटलं. मग तुम्ही सोबत्याला म्हणालात, "यांना सवय असते."

आमच्या नियमावलीच्या पहिल्या पानावर तेच वाक्य आहे. खाली तुमचंच नाव घालणार होतो. पण हे वाक्य आपलंच आहे म्हणणारे इतके निघाले, की शेवटी नुसतं 'सर्वांच्या वतीने' असं छापलं.