कंबर कर्वेनगर, खांदा विश्रांतवाडी

माझी कंबर लग्नाच्या वेळी डेक्कनला होती. थोरल्याच्या जन्मानंतर ती नळस्टॉपला गेली, धाकटीनंतर तिने पौड फाटा ओलांडला आणि गेल्या दिवाळीपासून ती कर्वेनगरात मुक्कामाला आहे. मी राहतेही कर्वेनगरातच, त्यामुळे घर आणि कंबर निदान एका ठिकाणी आली, एवढंच काय ते समाधान. ही सगळी माहिती मला वजनकाट्याने दिलेली नाही, हमीदमास्तरांनी दिलेली आहे.

हमीदमास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले लेडीज टेलर. ते बायकांची मापं आकड्यांत सांगत नाहीत, बसच्या स्टॉपांत सांगतात. दुकान एवढंसं, बाकावर चार-पाच बायका थांबलेल्या. मास्तर टेप लावतात आणि वही उघडून बसलेल्या आपांना, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, खणखणीत आवाजात सांगतात, "कंबर नळस्टॉप! सिग्नलच्या जरा अलीकडे!" एक स्टॉप म्हणजे एक इंच, सिग्नल म्हणजे अर्धा. अंगाचे घेर कर्वे रस्त्याने जातात. खांद्यापासून कमरेपर्यंतची उंची मात्र आळंदी रस्त्याने जाते: येरवडा, फुलेनगर, विश्रांतवाडी, कळस.

यातली खरी गंमत पुढेच आहे. पहिल्यांदा आलेल्या बाईची कंबर कितीही असो, ती डेक्कनलाच असते आणि तिची उंची विश्रांतवाडीला. पुढचा प्रवास ज्याचा त्याने करायचा. पहिला खरा आकडा मास्तरांच्या डोक्यात राहतो, तो वहीतसुद्धा उतरत नाही. त्यामुळे शेजारच्या बाकावरची देशपांडे वहिनी कितीही कान टवकारून बसली, तरी तिची डेक्कन आणि माझी डेक्कन यांत किती अंतर आहे ते तिला कळत नाही. मी एकदा न राहवून मास्तरांना त्यांचं वय विचारलं. टेप गळ्यात टाकत ते म्हणाले, "स्वारगेट सोडलंय, ताई. कात्रज अजून लांब आहे."

मास्तरांना गिऱ्हाइकांची नावं आठवत नाहीत, पाठी आठवतात. एकदा भाजीच्या गाडीपाशी मागून हाक आली, "ताई, उजवी बाही आत घ्यायची राहिली बरं का!" वळून पाहिलं तर मास्तर. चेहरा दिसण्याआधीच त्यांनी मला ओळखलं होतं. कपड्याची काहीही तक्रार न्या, उत्तर एकच, "बसवून देतो." आणि कधी देणार विचारलं की तेही एकच, "परवा." वीस वर्षांत मास्तरांच्या तोंडून "आज" हा शब्द मी ऐकलेला नाही. लग्न उद्यावर आलेली नवरीसुद्धा तिथून "परवा" ऐकून रडत बाहेर पडते आणि संध्याकाळी ब्लाऊज तिच्या घरी पोचतो.

हे असंच चाललं असतं, पण मास्तरांच्या मुलीने, सनाने, हिंजवडीतली नोकरी सोडली. बायकांचे कपडे मापाने शिवून देणारं एक उंची दुकान काढायचं, कापड निवडण्यापासून शेवटच्या हुकापर्यंत सगळं थाटात, असं तिने ठरवलं. भांडारकर रस्त्यावर गाळा घेतला, करारावर सही केली आणि मग माझ्याकडे आली. मी दुकानांची अंतर्गत सजावट, नाव, पाटी, पिशव्या असली सगळी कामं करते. "मावशी, कपडे अब्बूंचे आणि दुकान तुझं," सना म्हणाली. "फक्त अब्बूंना तेवढं पटव."

हे "तेवढं" केवढं होतं ते मला पहिल्याच बैठकीत कळलं. भिंतींसाठी मी फिका बदामी रंग काढला होता. मास्तरांनी नमुना चिमटीत धरला, उजेडाकडे नेला आणि म्हणाले, "हा अस्तराचा रंग आहे. अस्तर बाहेरून लावणार?" मग मी बोधचिन्ह दाखवलं, सोनेरी वेलांटीतला एकटा ह. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. "बाकीची अक्षरं कुठे गेली?" मी म्हटलं, "मास्तर, आता असंच असतं. मोठ्या दुकानांचं एकच अक्षर असतं." ते म्हणाले, "म्हणजे मोठं झालं की नाव कापतात? आम्ही लांबी वाढवतो." छतातल्या दिव्यांचं चित्र पाहून त्यांनी काळजीने विचारलं, "इथे ऑपरेशन करायचंय का?" दर्शनी भागातला बिनडोक्याचा पुतळा तेवढा त्यांना पसंत पडला. हिला "परवा" म्हटलं तर ही भांडणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी पुण्यात वाढले आहे, टोमणे मला पचतात. शिवाय मनातून मला खात्री होती, की माझा मुख्य आराखडा पाहून मास्तर गार होतील. संगणकावर मी अख्खं दुकान उभं केलं होतं. समोर पूर्ण काच. मधोमध गोल चौथरा, त्याच्या तिन्ही बाजूंना उंच आरसे. गिऱ्हाईक राणीसारखं चौथऱ्यावर उभं राहणार, मास्तर माप घेणार आणि बाजूच्या मोठ्या पडद्यावर ती मापं एकेक करून उमटणार. पडद्याची कल्पना सनाची, पण चौथरा माझा होता आणि त्याचा मला गर्व होता.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनजवळ नाक नेलं. "हे आकडे कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत, अब्बू. नमुना म्हणून घातलेत," सना म्हणाली.

"आणि ही बाई अशी वर उभी? रस्त्यावरून दिसणार?"

"काच आहे ना, मास्तर," मी उत्साहाने म्हटलं. "ये-जा करणारे थांबून बघतील. तीच तर जाहिरात."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, बोटांवर गुंडाळली आणि खिशात घातली. इतक्या वर्षांत त्यांचा गळा मी पहिल्यांदाच मोकळा पाहिला. "छान आहे," ते म्हणाले. "मी येणार नाही. तुम्ही बसवा." आणि ते चालू लागले. टोमणा नाही, काही नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरले.

सना त्या दिवशी माझ्या टेबलावर डोकं टेकून रडली. तिचं खरंही होतं. तिच्या दुकानात बायका येणार होत्या त्या मास्तरांच्या हातासाठी. मास्तर नसतील तर तिथे उरणार एक बदामी भिंत आणि एक बिनडोक्याचा पुतळा. "अब्बूंचं हे आकड्यांचं काय आहे, मला कधी कळलंच नाही," ती म्हणाली. "विचारलं की हसण्यावारी नेतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी, मास्तर नमाजाला गेल्याची वेळ साधून मी जुन्या दुकानात गेले. आपा एकट्याच हूक लावत बसल्या होत्या. त्या सत्तरीच्या, कमी बोलणाऱ्या. बोलल्या तर मास्तरांपेक्षा धारदार. त्यांना मी नेहमी बसलेलंच पाहिलं होतं, अंगात स्वतः शिवलेला ढगळ कुडता, वर मोठी ओढणी. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"चौथरा केलास होय?" त्या म्हणाल्या. "मग कसा येईल तो?"

त्यांनी सांगितलं ते असं. मास्तर एकोणीस वर्षांचे होते आणि कॅम्पातल्या एका दुकानात उस्तादांनी त्यांना पहिल्यांदाच माप घ्यायची परवानगी दिली होती. त्याच आठवड्यात आपांचं लग्न ठरलं. नवरीचा जोडा, म्हणजे लग्नाचे कपडे, मुलाकडून यायचा, म्हणून होणारी सासू आणि नणंद कापड घेऊन त्याच दुकानात आल्या, आपांना घेऊन. माप भावानेच घेतलं, कौतुकाने. सगळं दुकान बघत होतं. आपली नजर किती बारीक आहे हे उस्तादांना कळावं, म्हणून मास्तरांनी दोन्ही बाजूंची उंची वेगवेगळी मोजली आणि मोठ्याने सांगितली, "उजवी पंधरा, डावी तेरा."

"माझी पाठ लहानपणापासून वाकडी," आपा म्हणाल्या. "आम्ही लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि ओढणीत दिसत नव्हतं. दोन इंच ऐकले आणि सासूने कापड परत पिशवीत भरलं."

आपांनी दुसरा हूक घेतला.

"मला त्या लग्नाचं काही नाही गं. ती बाई काय होती ते तिच्या सुनेला विचार. पण याने त्यानंतर कुणा बाईचा आकडा तोंडातून काढला नाही. आणि माझ्या अंगाला टेप लावली नाही, ती आजतागायत नाही. मी म्हटलं नाही आणि त्याने विचारलं नाही." मग स्वतःच्या कुडत्याची बाही ओढून दाखवत त्या म्हणाल्या, "अख्ख्या पुण्याला याचं फिटिंग आणि मी ही अशी, गोणपाटात."

मी घरी आले आणि तो चौथरा पुसून टाकला. खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. वीस वर्षं मी त्या बाकावर बसून नळस्टॉप आणि पौड फाट्यावर हसत होते. या माणसाने माझी कंबर देशपांडे वहिनींपासून जपली होती आणि मी त्यांना बायका काचेत उभ्या करायला सांगत होते.

नव्या आराखड्यात पुढच्या काचेवर खालपासून डोक्याच्या वरपर्यंत जाड सुती पडदा आला. मापं दाखवणारा बाजूचा मोठा स्क्रीन गेला. आत, दुकानाच्या सगळ्यात चांगल्या जागी, मापाची खोली केली. दिवे मऊ, भिंती मास्तरांनी निवडलेल्या डाळिंबी रंगाच्या, दाराऐवजी जाड पडदा, एक बसकं स्टूल, आणि आरसा बिजागरीवर, म्हणजे बघायचा नसेल तेव्हा भिंतीकडे तोंड करून ठेवता येईल असा. एकटं अक्षर काढून पाटीवर पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली चिन्ह म्हणून टेप काढली, आकडे नसलेली, नुसत्या रेघांची. बिनडोक्याचा पुतळा ठेवला.

आराखडा मी मास्तरांच्या कटिंगच्या टेबलावर पसरला. त्यांनी खोलीच्या चित्रावरून बोट फिरवलं. मग त्यांनी पाटीवरची बिनआकड्यांची टेप पाहिली आणि हळूच काउंटरकडे पाहिलं. आपा हूक लावण्यात फार म्हणजे फारच गर्क होत्या.

"दुकानाचं दार आत उघडतंय, ते बाहेर करा," मास्तर म्हणाले. "बाकीचं बसतंय."

दुकान उघडायच्या दिवशी सकाळी सना उंबऱ्यावर फुलं लावत होती. पाहुणे अकराला यायचे होते. मास्तर नवा कुडता घालून, गळ्यात टेप टाकून उगाच इकडून तिकडे फिरत होते. तेवढ्यात आपा रिक्षातून उतरल्या. कुणाशी न बोलता त्या सरळ मापाच्या खोलीत गेल्या, आरसा भिंतीकडे फिरवला आणि आतून म्हणाल्या, "हमीद, पहिलं गिऱ्हाईक आलंय. ये."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. वही आपांकडे असायची, आणि आपा तर आत. मी वही घेतली. ते आत गेले, पडदा पडला.

"कंबर डेक्कन," आतून आवाज आला. मी लिहिलं. "बाही डेक्कन." लिहिलं. "उजवी उंची विश्रांतवाडी." दाराशी सनाचे हात फुलांवर थांबले होते. मग मास्तर म्हणाले, "डावी... विश्रांतवाडी."

"हमीद," आपांचा आवाज शांत होता. "डावी येरवड्याला उतरते. तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. नीट सांग, नाहीतर पाठीत चुणी पडेल."

"येरवडा," मास्तर म्हणाले. मी लिहिलं, पण ते अक्षर नंतर मलाच लागेना.

पडदा सरला. आपा ओढणी सारखी करत बाहेर आल्या आणि कुठल्याही गिऱ्हाइकासारख्या तोऱ्यात काउंटरवर कोपर टेकून उभ्या राहिल्या. "कधी मिळेल?"

मास्तरांनी टेपच्या टोकाने चष्मा पुसला. मशीनपाशी गेले, खुर्ची ओढली, आणि कापडाच्या कपाटाकडे बघत म्हणाले, "आज."