मागच्या चाकांचा राऊंड

माणसाला जोरात जायचे असते आणि सुखरूप परतही यायचे असते. या दोन इच्छांमध्ये जी मोकळी जागा उरते, तिला विमा म्हणतात. ही व्याख्या मुलांना लगेच समजते, कारण झाडावर चढण्याआधी खाली कोण उभे आहे ते मुले बघून घेतात. मोठ्यांना ती समजायला उदाहरण लागते. म्हणून हे उदाहरण.

आमच्या पेठेतल्या राजवीरने परवडणारी स्पोर्ट्स कार घेतली. (परवडणारी म्हणजे घेताना परवडणारी. त्यानंतरच्या काळाला हा शब्द लागू होत नाही.) गाडी जुनी, गोव्याहून आणलेली, लाल, दोनच माणसांची आणि इतकी बसकी की शेजारच्या गोठ्यातली म्हैस तिच्याकडे मान खाली घालून बघते. पेठेने पहिल्याच दिवशी तिचे नाव खुळ्याची गाडी ठेवले. राजवीर शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आहे. घरी आला की आधी गाडीवरची धूळ पुसतो, मग स्वतःच्या तोंडावरची. या गाडीची खरी थोरवी अशी, की तिचे इंजिन पुढची चाके फिरवत नाही, मागची फिरवते.

हे नीट समजून घेऊ. बैलगाडीत बैल पुढे असतात. आता तेच बैल सोडून गाडीच्या मागे आणा आणि त्यांना डोक्याने गाडी ढकलायला सांगा. सरळ रस्त्यावर काही बिघडत नाही, उलट मजा येते. वळणावर मात्र कुठे जायचे याबद्दल बैलांचेही काही मत असते. या मतभेदाला स्पोर्ट म्हणतात आणि त्याला विम्याचा हप्ता वेगळा पडतो.

तो हप्ता ऐकून राजवीरच्या आईने भाकरी तव्यावरच सोडली. (तिला सगळी पेठ आक्का म्हणते. तिची भाकरी करपली, ही घटना पेठेत अजून सांगितली जाते.) मग तिने विमा एजंट प्रभुलिंग यांना फोन लावला.

"पावणं, गाडीत माणसं किती बसत्यात?"

"दोन."

"मग इमा निम्मा पायजे का नको?"

"तसं नसतं, आक्का."

"बरं. रिक्षा कुठल्या चाकावर पळती?"

"मागच्या."

"आन् ट्रॅक्टर?"

"मागच्याच. पण ट्रॅक्टरला कोणी स्पोर्ट म्हणत नाही."

"तुमी आमच्या केरबाला ट्रॅक्टरवर बघितलं न्हाईसा अजून."

केरबा हा आक्कांचा शाहूवाडीचा भाऊ, म्हणजे राजवीरचा मामा. हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

प्रभुलिंग यांनी मार्ग काढला. गाडीचा जुना विमा संपलेला, तेव्हा गाडी बघूनच नवा मिळेल. तिच्यावर ओरखडा नसेल आणि ती एकाच्याच हातात राहणार असेल, तर हप्ता कमी व्हावा म्हणून ते कंपनीकडे चार शब्द टाकतील. आक्कांनीही आपला निकाल दिला. "खंडेनवमीच्या आत इमा झाला तर गाडीला हार. न्हाय झाला तर दुसऱ्या दिशी गाडी गोव्याला माघारी." राजवीर त्या रात्री जेवला नाही.

इथे कोल्हापूरच्या एका जुन्या आणि कार्यक्षम संस्थेची ओळख करून देणे भाग आहे. तिचे नाव राऊंड. कोणाची नवी गाडी आली की ओळखीच्या प्रत्येकाने ती एकदा फिरवून आणायची असते. राऊंडची परवानगी मागत नाहीत, "मारून येतो" एवढे कळवतात. शेजाऱ्याने पेठेपुरते फिरावे, तालमीतल्या मित्राने रंकाळ्यापर्यंत जावे, मामाला हद्द नाही. विम्याच्या अर्जात राऊंडसाठी रकाना नाही. (ही अर्जाची उणीव आहे, पेठेची नव्हे.)

पाहणीच्या दिवशी केरबामामा तांदळाचे पोते घेऊन सकाळीच हजर.

"किल्ली दे की रं. एक राऊंड मारून येतो."

"मामा, आज नगं. एजंट यायचा हाय."

"म्हंजे मी परका व्हय?"

राजवीरने गुपचूप किल्ली पोह्यांच्या डब्यात लपवली. मामाला पोहे आवडतात, हे तो विसरला.

दहाच्या सुमारास प्रभुलिंग आले. स्कूटर गल्लीत लावली, आत बसून चहा घेतला आणि अर्ज उघडला.

"गाडी कोण कोण चालवतं?"

"मी एकटाच," राजवीर म्हणाला.

त्याच क्षणी बाहेर इंजिन गरजले.

गल्लीत नुकत्याच म्हशी धुतल्या होत्या. ओल्या फरशीवर मामाने ट्रॅक्टरवर दाबतात तसा पाय दाबला आणि बैलांनी आपले मत दिले. गाडी जागच्या जागी अर्धी फिरली, मागच्या बाजूने स्कूटरला आडवी केली आणि तोंड घराकडे करून थांबली. म्हैस रवंथ करत होती. मामा खाली उतरला.

"नाद खुळा गाडी हाय! वळवायला जागाच लागत न्हाय!"

राजवीर फुटलेल्या मागच्या दिव्यापाशी गुडघ्यावर बसला. प्रभुलिंग स्कूटरपाशी उभे राहिले. आक्का हिशोबाला पक्क्या.

"आमच्या गाडीला इमा न्हाय, ते तुमाला ठावं हाय. तुमच्या स्कूटरच्या इम्यातनं भरून घ्या."

प्रभुलिंग यांनी आडव्या स्कूटरची डिकी उघडली आणि लगेच बंद केली.

"काय झालं, पावणं?"

"संपलाय."

"कवा?"

"गेल्या दसऱ्याला. लोकांचं करता करता राहून गेलं, आक्का."

जमलेली पेठ पोट धरून हसली. प्रभुलिंग यांनी शांतपणे आजूबाजूच्या मोटारसायकलींवर नजर फिरवली आणि विचारले, "आणि तुमचा, मंडळी?"

गर्दी इतक्या लवकर पांगलेली पेठेने पुराच्या वेळीही पाहिली नव्हती.

राजवीरने दिवा बदलला, अर्जावर मामासकट खरे ते लिहिले आणि पूर्ण हप्ता भरला. खंडेनवमीला लाल गाडीला झेंडूचा हार पडला, तिच्या शेजारी प्रभुलिंगांच्या स्कूटरलाही. राऊंडची संस्था बंद झाली नाही, फक्त तिच्या घटनेत दुरुस्ती झाली. आता गाडी राजवीरच चालवतो आणि पेठ रांगेने शेजारच्या सीटवर बसते. पहिला मान मामाचा होता. "म्हस बी ह्याच्याम्होरं जाईल," असे तो उतरताना म्हणाला.

तेव्हा आजमितीस आमच्या पेठेत खात्रीने विमा असलेली वाहने दोन. त्यांतल्या एकाला अजूनही सगळे खुळ्याची गाडी म्हणतात.

तुम्हीही हसलात, त्याला हरकत नाही. आता आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा विमा कोणत्या महिन्यात संपतो, हे ज्यांना न बघता सांगता येईल त्यांनी हात वर करावा.

बरं. उठा, कागद बघून या. मी थांबतो.